भाऊसाहेबांचा नुक्ता

कारखान्याच्या मैदानावर तोफांची चाचणी सुरू झाली की आमच्या रांझीच्या घराच्या खिडक्या थरथरत. भाऊसाहेब तेव्हा समोरच्या हस्तलिखितावर अलगद तळहात ठेवत, झोपेत दचकलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा. आवाज थांबला की हात उचलून म्हणत, "चलो, निजलं पुन्हा. वाचा पुढं."

ते महायुद्धाचे दिवस होते. माझे यजमान कारखान्यात फिटर. क्वार्टर मिळेना, म्हणून भाऊसाहेब दप्तरदारांच्या घराची मागची बाजू आम्ही भाड्यानं घेतली. भाऊसाहेब विधुर, कॉलेजात फारसी शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या दप्तरात फारसी पत्रव्यवहार सांभाळत इकडे नर्मदेच्या मुलखात आले आणि इथलेच झाले. घराण्यात एक जुनं हस्तलिखित होतं. बसऱ्याहून सुरतेला निघालेल्या कुणा व्यापाऱ्याचं प्रवासवर्णन, फारसीत, मधेमधे अरबी. त्याची दुसरी प्रत परदेशातल्या एका ग्रंथालयात होती. तिचे फोटो युद्धापूर्वी येऊन पोचले होते. दोन्ही प्रती ताडून शुद्ध पाठ छापायचा, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास.

आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात, वाळवण घालता घालता, व्हरांड्यातल्या कागदावरची एक ओळ मी सहज मोठ्यानं वाचली. भाऊसाहेब चष्मा कपाळावर चढवून बघतच राहिले.

"अं? तुम्हाला हे कसं वाचता येते?"

"मी औरंगाबादची. निजामाच्या राज्यातली. आमची शाळा उर्दूतूनच होती."

"मग अर्थही लागत असेल?"

"फारसीचा नाही लागत."

"वा! अर्थ लागणारा माणूस चुका सुधारून वाचतो, सुमनबाई. मला न सुधारता वाचणारं कोणी पाहिजेच होतं."

त्या दिवसापासून दुपारी घरातलं आवरलं की मी एक प्रत वाचायची, ते दुसरीवर बोट फिरवायचे. बाहेर पाळी सुटून सायकलींचे थवे जात, बायका रेशनच्या गोष्टी करत. आणि आमच्या व्हरांड्यात कुठल्यातरी बंदरावर खजूर उतरत असे, कुणी पाण्यात नांगर टाकत असे. न कळणाऱ्या भाषेचंही एक ऊन असतं. मी त्यात बसून असे.

एका शब्दावर मात्र भाऊसाहेब फार रेंगाळत. दोन्ही प्रतींत त्याचे नुक्ते, म्हणजे टिंबं, नव्हते. टिंब पोटात दिलं तर 'जौर', म्हणजे जुलूम. डोक्यावर दिलं तर 'खुर', म्हणजे सूर्य. दिलंच नाही तर 'हूर', स्वर्गातली अप्सरा. वाक्य होतं, 'आमची नाव रात्रभर त्या अमुकच्या कुशीत निजली.' "रात्री सूर्य कुठला? आणि जुलमाच्या कुशीत कोण निजते?" भाऊसाहेब डोळे मिटून म्हणत, "हूरच आहे. समुद्राला त्यानं अप्सरा म्हटलं आहे." त्या एका शब्दावर त्यांनी प्रस्तावनेत कितीतरी पानं लिहिली होती. ती वाचून दाखवताना त्यांचा आवाज ओला होई.

त्यांच्या मुलाचं, माधवचं नाव ते क्वचितच काढत. त्यानं फारसी शिकावी ही त्यांची इच्छा. तो इंजिनं शिकला आणि फौजेत गेला. निघताना पाया पडला, तेव्हा भाऊसाहेब पानावरून मान वर न करता "बरं" एवढंच म्हणाले होते, असं शेजारी सांगत.

पुस्तकाची छपाई कशीबशी चालली होती. शिळाप्रेससाठी पानं लिहिणारे कातिब, मुन्शी रहमतुल्ला, आता कारखान्यात पेट्यांवर आकडे रंगवत आणि रविवारी भाऊसाहेबांची पानं लिहीत. मजकूर छापून झाला होता, प्रस्तावना तेवढी उरली होती, आणि माधव रजेवर आला. उन्हानं काळा झालेला, अबोल. व्हरांड्यात बसून त्यानं छापलेली पानं चाळली. फारसी येत नव्हती, पण लहानपणी लिपी गिरवलेली. मी भीतभीत त्याला ते वाक्य आणि त्यातली अप्सरा समजावून सांगितली.

माधव हसला. मग म्हणाला, "भाऊ, मी बसऱ्यालाच होतो. बोटींवर. ते खोर असेल. तिथं खाडीला खोर म्हणतात. भरतीची वाट बघत आम्ही खोरात नाव लावून झोपत होतो. पाणी हालत नाही तिथं."

मला वाटलं, आता भाऊसाहेब रागावतात. त्यांनी बोटानं हवेत ते टिंब दिलं, डोक्यावर, आणि एकदम हसू लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"लिहायला खुर नि खोर एकच! मी फारसीत शोधून राहिलो, शब्द अरबी! खोर! आपल्या नर्मदेचं खोरं कानाशी असून ऐकू आलं नाही मला. व्युत्पत्ती नाही हं ही, सुमनबाई, नुसतं कानाचं सुख." मग मुलाकडे वळून म्हणाले, "सांग. कसं असते तिथलं पाणी?"

माधव सांगत राहिला. ऊन अंगणातून भिंतीवर गेलं तरी सांगत होता. बापलेकांना असं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब प्रेसमध्ये गेले. तो फॉर्म, म्हणजे त्या शब्दाच्या पानांचा छापील ताव, पुन्हा छापायचा होता. मालक म्हणाले, "प्रोफेसर साहब, कागज़ कहाँ है? जंग चल रही है. आपकी प्रस्तावना का ही बचा है बस."

"तो वही लीजिए," भाऊसाहेब म्हणाले.

मी वाद घातला. इतक्या वर्षांचा अभ्यास, तुमचं नाव, सगळं त्या प्रस्तावनेत. अप्सरेची पानं काढा, बाकीची राहू द्या. ते म्हणाले, "तेवढ्यानं कागद पुरत नाही. प्रस्तावना माझी आहे, बाई. पुस्तक त्या व्यापाऱ्याचं आहे. त्याची नाव चुकीच्या जागी निजवून मी आपलं काहून सांगत बसू?"

पुस्तक करड्या, खरबरीत कागदावर निघालं, प्रस्तावनेविना. खोर शब्दाच्या पानाखाली एक बारीक टीप होती: हा पाठ माधव दप्तरदार यांनी सुचवला. फौजेत परत जाताना माधव ती टीप स्टेशनवर पुन्हा पुन्हा वाचत होता. भाऊसाहेबांनी या वेळी गाडी हलेपर्यंत त्याचा हात सोडला नाही.

युद्ध संपलं, माधव सुखरूप परतला आणि वडिलांकडे फारसी शिकू लागला. भाऊसाहेबांची नजर तोवर गेली होती. माझी दुपारची जागा आता माधवची झाली. तो अडखळत वाचायचा, ते खुर्चीत मान मागे टाकून ऐकायचे.

एका दुपारी मी चहा घेऊन गेले. भाऊसाहेबांची मान किंचित कलली होती, चेहरा शांत होता, हात खुर्चीबाहेर लोंबत होता. मला कळलं. माधवकडे पाहिलं तर त्यालाही कळलं होतं. पण वाक्य अर्धं होतं. त्यानं ते हळूहळू, एकही अक्षर न गाळता, शेवटपर्यंत वाचलं, आणि मग उठला.