पातळ पाकीट

लग्न होऊन नाशकात आले तेव्हा मला वाटलं होतं, पुस्तकं काढणारा माणूस म्हणजे दिवसभर लिहीत बसत असेल. पण आमचे हे लिहायचे नायत, दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचे. दिवसा शाळेत कारकुनी आणि संध्याकाळी यंत्रमाणसांच्या, ताऱ्यांच्या, चंद्रावर घर करणाऱ्यांच्या गोष्टी. वर्षाला एक पुस्तक, त्यात दहाबारा गोष्टी, आणि टपालानं यायच्या ढीगभर, फुलस्केपवर हातानं लिहिलेल्या. सोबत प्रत्येकाचं स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं रिकामं पाकीट. नापसंत गोष्ट त्यातच घालून परत जायची. पाकिटं टपालात टाकायचं काम माझं. जाड पाकीट म्हणजे गोष्ट परत. पातळ म्हणजे आत नुसती चिठ्ठी, गोष्ट पसंत. पातळ फार थोडी असायची.

मी घोटीकडची, सातवीपर्यंत शिकलेली, मला त्यातलं काय कळणार. तरी हे मलाच वाचून दाखवायचे, मी लसूण सोलत नायतर तांदूळ निवडत बसलेली असायची तेव्हा.

"अरे, तिला कशाला ताप? मला वाचून दाखव," सासूबाई म्हणायच्या.

"आई, तू दुसऱ्या पानाला घोरतेस."

"मग गोष्टच तशी असणार."

कशी वाटली, असं हे कधी विचारायचे नायत. लय दिवसांनी माझ्या ध्यानात आलं, हे माझे हात बघायचे. हात थांबले की ती गोष्ट पसंतीच्या गठ्ठ्यात.

त्या वर्षी पोरगी आठ महिन्यांची होती. मला तेव्हा सगळ्याचंच भ्या वाटायचं, कुकरच्या शिट्टीचं, जिन्याचं, पोरीला शिंक आली तरी. तिचा ताप नुकता उतरला होता आणि मी घडीघडी तिच्या नाकापुढं बोट धरून बघायची. त्यात यांनी एक गोष्ट काढली, लासलगावकडच्या कुणा बाईची. एक आई लांबच्या ग्रहावर कामाला गेलेली, घरी तान्ही पोर. घरचा आवाज तिथं पोचायला वीस मिनिटं लागतात. पोर रडतीय, पण ते वीस मिनिटांपूर्वीचं रडणं, आणि आई काय बोलली तरी ते घरी जायला आणखी वीस मिनिटं. मग रडता रडता आवाज एकदम बंद होतो.

माझे हात थांबायला लागले. ते मला नको होतं, म्हणून मी लसूण भराभर सोलत सुटले, नखाखाली आग व्हायला लागली.

"पुढं वाचू?" यांनी पहिल्यांदाच विचारलं.

"नको. रडकी हाय."

यांनी कागद मिटले. गोष्ट परतीच्या गठ्ठ्यात गेली.

सकाळी मीच ती पाकिटात घातली. वर त्या बाईची चिठ्ठी होती. 'ही तिसरी कथा. हीही परत आली तर पुन्हा त्रास देणार नाही.' मी पाकीट चिकटवलं, पोरीला कडेवर घेतलं आणि निघाले. वाटेत पोरगी खांद्यावर झोपली. टपालपेटीत पाकीट अर्धं सरकवलं आणि पोरीचा आवाज येईना म्हणून सवयीनं नाकापुढं बोट धरलं. ऊन ऊन श्वास लागला. मला माझ्या पोरीचं लगेच कळलं, आणि ती गोष्टीतली आई तिथंच कान लावून उभी, तिला मीच तशी ठेवून आले होते. आणि ती लासलगावची बाई, ती लिहायची थांबणार, माझ्या भ्यापायी. पाकीट ओढून बाहेर काढलं आणि तशीच घरी आले, धापा टाकत.

हे चहा पीत होते. "टपाल बंद होतं का?"

"नाय. मी खोटं बोलले. ती रडकी नव्हती. मला भ्या वाटलं."

"हात तर चांगले चालले होते तुझे."

"मीच चालवत होते. थांबले असते तर तुम्ही पुढं वाचलं असतं."

यांनी कप खाली ठेवला आणि पाकिटाची कड जपून फाडली.

"शाळा आहे ना रे तुला?" सासूबाई आतून म्हणाल्या.

"होईल थोडा उशीर."

जिथं थांबले होते तिथून यांनी वाचायला घेतलं. माझ्या हातात काहीच नव्हतं, नुसती पोरगी होती. शेवटी आवाज येतो, पोर झोपेत हुंकारते तेवढाच, आणि आई तो ऐकत बसते, वीस मिनिटांपूर्वीचा का असेना. सासूबाई कधी दारात येऊन टेकल्या होत्या कळलं नाय. त्या घोरल्या नायत.

तिकीट अजून कोरंच होतं, म्हणून पाकीट तेच वापरलं. फाटलेली कड मी डिंकानं चिकटवली, पोरीला कडेवर घेऊन पुन्हा गेले आणि टाकलं. या खेपेला आत एकच कागद होता. लासलगावला ते हातात घेतल्या घेतल्या तिला कळलं असेल.