रस्त्यानं पायी जाणारा माणूस
साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मळीचा आंबूस-गोड वास शहाद्याजवळच्या आमच्या गावापर्यंत येतो, आणि मला मी चालायला निघालो ती पहिली सकाळ आठवते. आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "मधुमेह झालेला नाही, पण अगदी उंबरठ्यावर आहात. रोज चाला." घरात मी काही बोललो नव्हतो, मुलीचं लग्न ठरत होतं, उगाच चर्चा नको. पण आमच्याकडे रस्त्यानं पायी चाललेला माणूस म्हणजे ज्याची बस चुकली तो. केळीच्या बागांपाशी पोचतो न पोचतो तोच एक मोटारसायकल थांबली. "कोठे जाणं शे? बस, सोडी देस." नाही कसं म्हणणार? बसलो, आणि फाट्यावर उतरून परत गावाकडे चालू लागलो, तर मागून आमच्या गल्लीतले काका गाडीवर आले. "पायी कसाले चालना रे? बस." आता मात्र मी वैतागून खरं काय ते सांगून टाकलं. काकांनी गाडी बंद केली, खाली उतरले आणि ती ढकलत माझ्याबरोबर चालू लागले. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "माले बी डॉक्टरनी हाईच सांगेल शे. घरमा कोणले माहीत नही." हल्ली सकाळी शेतात जाताना रस्त्यात कुणी एकटं पायी दिसलं, तर मीही गाडी थांबवतो, पण 'बस' म्हणत नाही, आधी खाली उतरतो.