परातीतलं पहिलं अक्षर

आठवडाभर शाळेत काय झालं आणि पुढच्या आठवड्यात काय होणार, हे पालकांना कळवायचं काम माझ्याकडे होतं. दर शनिवारी पहिलीच्या रिकाम्या वर्गात बसून मी ते लिहायचे. हैदराबादेत मराठी प्राथमिक शाळा आहे हेच कित्येकांना ठाऊक नसतं, तिच्या बातम्या कोण वाचणार? पण मी लिहायचे, आणि झोकात लिहायचे. चौथीच्या मुलींनी खो-खोत मुलांना धूळ चारली. बुधवारी दात तपासायला डॉक्टर येणार आहेत, कृपा करून दात घासून पाठवा, आमची अब्रू तुमच्या हातात आहे. तिसरीतल्या कुणाचा तरी डबा माझ्या टेबलावर पडून आहे, आता त्याला वास सुटलाय, ओळख पटवून घेऊन जा.

पूर्वी हे कागदावर जायचं. मग फोनवर जायला लागलं आणि तेव्हा मला कळलं की आमच्या बऱ्याच पालकांना मराठी वाचता येत नाही. बोलतात सगळे फडाफडा, अक्षरं समोर आली की घाम फुटतो. इथल्या गौलीगुडा भागात राहणारी एक आई होती. तिच्या नवऱ्याचं कोठीच्या बाजारात बॅगांचं दुकान, मोठी मुलगी आमच्याकडे चौथीत. ती एकदा फाटकाशीच मला म्हणाली, "मॅडम, ते लंबं लंबं लिहून नका टाकू ना. बोलून टाका. भाजी चिरता चिरता ऐकून घेते मी."

मी चिडले. घरी येऊन नवऱ्यावर चिडले, त्याचा काही संबंध नसताना. पण पुढच्या शनिवारपासून लिहिलेलं वाचून, आवाज भरून पाठवायला लागले. शाळेच्या बातम्या आधी मीच लिहायच्या आणि मग मीच वाचायच्या, अशी वेळ आली होती.

त्या वर्षी पहिलीत इतकी कमी मुलं आली की त्यांना दुसरीच्या वर्गात नेऊन बसवावं लागलं. म्हणून तर पहिलीचा वर्ग मला लिहायला मिळत होता. संस्थेचे सेक्रेटरी सिकंदराबादचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, सज्जन माणूस. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, येत्या जूनला पहिलीत निदान दहा मुलं पाहिजेत. नाहीतर वर्ग बंद करू. मला आनंद होत नाही हे सांगताना." आनंद त्यांना होत नव्हता हे खरंच होतं, त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण पहिली गेली की पुढच्या वर्षी दुसरी जाते, मग तिसरी. शाळा खालून वर रिकामी होत जाते आणि शेवटी चौथीच्या मुलांना निरोप दिला की दाराला कुलूप. मी त्या शाळेत शिकले होते. माझ्या नोकरीची सगळी वर्षं तिथेच गेली होती. त्या दिवशी बसमध्ये मला जागा मिळाली तरी मी उभीच राहिले, बसायचं सुचलंच नाही.

मग मला अक्षराभ्यासाची कल्पना सुचली. महाराष्ट्रात पाटीपूजन दसऱ्याला करतात. आमच्याकडची मराठी माणसं मात्र तेलुगू शेजाऱ्यांचं बघून वसंत पंचमीला लेकरांचा अक्षराभ्यास करतात. परातीत तांदूळ पसरायचे, लेकराला मांडीवर घ्यायचं, त्याचं बोट धरून तांदळात श्री काढायचं. त्याशिवाय लेकरू शाळेत घालत नाहीत, मग घरचे कितीही शिकलेले असोत. मला वाटलं, हे आपल्या शाळेतच का होऊ नये? ज्या अंगणात पहिलं अक्षर काढलं, त्याच अंगणात लेकरू शिकायला येणार. यात सांगण्यासारखं काय आहे?

तर मी सांगितलं नाही. शनिवारच्या निरोपात मी गोड आवाजात एवढंच म्हटलं की वसंत पंचमीला शाळेत अक्षराभ्यास आहे, ओळखीपाळखीच्या सगळ्यांना घेऊन या, लेकरांना पिवळे कपडे घाला, पाटी आमच्याकडून. सरस्वतीपुढे प्रवेशाचा अर्ज सरकवणं मला बरं वाटेना.

आणि माणसं आली! एरवी पालकसभेला रिकाम्या खुर्च्यांशी बोलायची सवय असलेली मी, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या म्हणून वर्गातले बाक बाहेर काढत होते. पुण्याहून नोकरीसाठी आलेलं एक जोडपं गच्चीबोवलीहून गाडी करून आलं. त्यातल्या बाईंना पाटी इतकी आवडली की त्यांनी तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. गौलीगुड्याची आई धाकटीला कडेवर घेऊन, मधल्या मुलाला पिवळा कुर्ता घालून आली. सोबत सासरेही होते, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. त्या मुलाचं बोट मी स्वतः धरलं. तो तांदूळ मुठीत घेऊन उधळायला बघत होता. मी म्हटलं, "आधी श्री काढ, मग उधळ." त्यानं काढलं. माझं बोट त्याच्या बोटाखाली होतं, की त्याचं माझ्याखाली, आता आठवत नाही. मी त्या दिवशी फार आनंदात होते. सेक्रेटरींना म्हटलं, "मोजा आता मुलं." त्यांनी मोजली नाहीत. मला वाटलं, त्यांनाही भरून आलंय.

सोमवारी मी अर्ज काढून बसले. कुणी आलं नाही. शनिवारी निरोपात प्रवेश सुरू झाल्याचं सांगितलं. लोकांनी फोनवर अंगठे पाठवले. पुढच्या शनिवारी पुन्हा सांगितलं, आवाज जरा चढवून. पुन्हा अंगठे. पुण्याच्या बाईंनी कळवलं की त्यांच्या मुलाची जागा केव्हाच ठरली आहे, कार्यक्रम मात्र फारच सुरेख झाला, फोटो आजीला फार आवडले.

मग मी घरोघर हिंडायला लागले. उन्हं वाढली होती. जिथे जाईन तिथे पाणी मिळायचं, चहा मिळायचा, भिंतीवर टांगलेली आमची पाटी दिसायची, हळदीकुंकू लावलेली. मूल मिळायचं नाही. शेवटी मी गौलीगुड्याला गेले. हे घर आपलं, अशा भरवशावर गेले. चौथीतली मुलगी मला बघून लाजून आत पळाली. सासरे पलंगावर बसले होते. उदगीरकडची जमीन वाटून टाकून कधीकाळी इकडे आलेला माणूस. मी विषय काढला तसे ते हसले.

"बाई, आमचं तर काम झालं की," ते म्हणाले. "पहिलं अक्षर आपल्या भाषेत काढलं पोरानं. मला त्याचीच काळजी होती. आता इंग्लिश मीडियमला टाकायला मोकळे झालो आम्ही."

मोकळे! मी कपबशी खाली ठेवली. त्यांच्या तोंडावर एवढं समाधान होतं की भांडायचं कुणाशी हेच कळेना. मी सुनेकडे वळले. म्हटलं, "अहो, मोठी शिकतेय ना आमच्याकडे? काय कमी झालं तिचं?"

"तिचं काही नाही हो मॅडम. ती हुशारच आहे," ती म्हणाली. "पर हा पोरगा आहे ना. उद्या दुकान, नोकरी, सगळं बघायचं. तुम्ही परेशान नका होऊ."

मी तिला विनवलं. एक वर्ष टाका म्हटलं. नाही जमलं तर काढा म्हटलं. मी स्वतः इंग्रजी शिकवीन, शाळा सुटल्यावर, रोज. सांगताना माझा आवाज चिरकला, आणि शिक्षिकेचा आवाज असा चिरकलेला बरा दिसत नाही हे कळत असूनही मी बोलतच राहिले. ती उठून कुंकवाचा करंडा घेऊन आली. मग तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओटीत नारळ घातला. तो नारळ छातीशी धरून मी कोठीपर्यंत चालत आले. बस मिळत होत्या, पण कुणी बघू नये म्हणून चालले. मला रस्त्यात रडू आलं होतं.

संस्थेच्या समितीची बैठक झाली. दहा सोडा, पाचही झाली नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, तुम्हीच कळवा. तुमच्या आवाजाची लोकांना सवय आहे."

त्या शनिवारी मी नेहमीच्या जागी बसून लिहिलं. मंगळवारी चौथीची सहल आहे, टोपी आणि पाणी द्या. गुरुवारी खिचडीऐवजी उपमा मिळेल. येत्या जूनपासून आपल्या शाळेत पहिलीचा वर्ग भरणार नाही. तिसरीत एक निळी बाटली सापडली आहे. मी ते एका दमात वाचलं आणि पाठवलं. मधेच थांबले असते तर पुढे वाचता आलं नसतं.

अंगठे आले. एकानं गुलाबाचं फूल पाठवलं. मग गौलीगुड्याच्या आईचा आवाज आला, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. "मॅडम, पुढच्या वर्षी अक्षराभ्यास ठेवणार ना? धाकटी तीनची होते. तिचंबी तुमच्याच हातानं करायचं म्हणतात मामंजी. जरूर ठेवा."

काय काय बोलायचं होतं मला. मी बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं. आणि बोलले ते एवढंच. "ठेवते. पण मग धाकटीला मला द्या. शाळा नसली तरी चालेल, माझ्या घरी पाठवा. मी शिकवीन. एकटीला शिकवीन. द्याल का?"

तिनं ते ऐकलं. ऐकल्याची निळी खूण झाली. मी फोन हातात धरून फळ्यासमोर बसून राहिले. थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं. नुसतं चित्र होतं, जोडलेले दोन हात.