माहेरचा नाताळ

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरी येशूजन्माच्या गोठ्यापुढे बसून प्रत्येकाने आपली एक इच्छा मोठ्याने बोलायची, अशी पद्धत होती. ती चर्चची नव्हे, माझ्या बाबांची. बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीकडच्या मिशनच्या दवाखान्याची जीप चालवायचे आणि आई त्याच दवाखान्यात नर्स होती. गोठा बाबाच करायचे. कुडाच्या भिंती, वर तणसाचं छप्पर आणि खाली बर्फ म्हणून शेजारच्या शेतातला ताजा वेचलेला कापूस, सरकीसकट. बाळ येशूला सरकी टोचेल म्हणून मी लहानपणी ती एकेक काढत बसायची.

बाबांची इच्छा वर्षानुवर्षं एकच असायची. "जीपले नवे टायर भेटू दे." त्यावर आम्ही हसायचो. माझी इच्छा दरवर्षी बदलायची. आईची मात्र कधी बदलली नाही. हात जोडून ती म्हणायची, "पुढचा नाताळ माझ्या माहेरी होऊ दे."

त्यावर बाबा उठून बाहेर जायचे आणि कडुनिंबाला टांगलेली कागदाची चांदणी नीट आहे का ते बघायचे.

आईचं माहेर वसईच्या बाजूला, समुद्राजवळ. तिथल्या नाताळबद्दल ती इतकं बोलायची की न पाहताच ते गाव मला पाठ झालं होतं. केळीच्या वाड्यांमधून जाणारी गल्ली, गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस, घरोघरी तळल्या जाणाऱ्या करंज्यांसारख्या नेवऱ्या. तिथे गोठ्यात कापूस नसतो, आधी नाचणी पेरून तिची हिरवी रोपं उगवून आणतात. सकाळच्या मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, अख्खं गाव नवे कपडे घालून निघतं. आमच्याकडे मिस्साला चार-सहा कुटुंबं, दवाखान्यातल्या सिस्टर आणि कुतूहलाने आलेले शेजारी, एवढेच. तांड्यावरची एक काकू दरवर्षी फराळाला यायची आणि म्हणायची, "तुमची दिवाळी लय थंडीत येते बाई."

मी आईला विचारायची, "आपण कधी जायचं?" ती म्हणायची, "नाताळात सुट्टी कुठं भेटते मले?" दवाखान्यात सणाच्या दिवशीही बाळंतिणी येतातच, तेव्हा ते खरं वाटायचं. आजोबा वारले, मग आजी, तेव्हा आई एकटीच जाऊन आली. मी एकदाही गेले नव्हते.

पुढे मला घाटंजीला शाळेत नोकरी लागली. मी लग्न केलं नाही. आई-बाबा निवृत्त झाल्यावर माझ्याकडे राहायला आले आणि गोठा घाटंजीच्या घरात मांडला जाऊ लागला. मग बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. त्या वर्षी आईने नाताळ केला नाही. चांदणीसुद्धा लावू दिली नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मामांचा फोन आला. आईचे हे धाकटे भाऊ, माहेरच्या घरात आता तेच मोठे. मी स्पीकर लावून दिला. मामा म्हणाले, "आता तरी ये गो. यंदाचा नाताळ इथे कर. लेकीलाही आण."

मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी धामणगावहून गाडीचं रिझर्वेशन करायला बसले. आई खाटेवर बसून तूर निवडत होती.

"कायले जायचं आता?" ती म्हणाली.

"आई, जन्मभर तू हेच मागत आली ना?"

"गुडघे दुखून राह्यले माहे."

मी ऐकलं नाही. मला वाटलं, बाबा गेल्यामुळे तिला सणाची भीती वाटते. 'आता तरी' या शब्दांवर ती अडली होती, हे मला कळलं नाही. शेवटी ती तयार झाली. बॅग भरताना तिने बाबांचा फ्रेममधला फोटो साडीत गुंडाळून मधोमध ठेवला. मला ते बरं वाटलं.

आम्ही तेवीस तारखेला पोचलो. कल्याणला उतरून टॅक्सी केली होती. गावात शिरलो तेव्हा आई खिडकीला लागून बसली आणि मला बोटाने दाखवू लागली. क्रूस होता तिथेच होता. केळीच्या वाड्या पुष्कळशा गेल्या होत्या, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या. पण गल्लीभर चांदण्या होत्या आणि तळणीचा वास येत होता. मामांनी बॅग उतरवून घेतली, आईला जवळ घेतलं आणि दोघं अंगणातच रडली. मामींनी नेवऱ्यांचं ताट पुढे केलं. आई काहीतरी बोलली की मामांच्या नाती तोंडावर हात ठेवून हसायच्या. "मले", "तुले", "काहून" हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. आईही हसली. म्हणाली, "गेलती तुमच्यासारखी बोलत, आली अशी."

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने माझा हात धरला आणि कुशीवर वळून झोपी गेली. तिला इतकी शांत झोपलेली मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीला लागून आल्तार आहे, घरातली वेदी. मारियेची मूर्ती, बारीक दिव्यांची माळ आणि वर ओळीने घरातल्या गेलेल्यांचे फोटो. आजोबा, आजी, आईचे थोरले भाऊ. चोवीसला सकाळी आई अंघोळ करून आली, तिने बॅगेतून बाबांचा फोटो काढला, पदराने पुसला आणि आजीच्या फोटोखाली मूर्तीजवळ उभा केला. डोळे मिटून बराच वेळ बसली. मामा दारातून आत आले, त्यांनी ते पाहिलं आणि विहिरीकडे निघून गेले.

दिवसभर घरात लगबग होती. मी नातींबरोबर गोठ्यात नाचणीची रोपं लावत होते. संध्याकाळी भावकीतले लोक रोझरीसाठी, जपमाळेच्या प्रार्थनेला, येणार होते. दिवेलागणीच्या आधी आई पुढच्या खोलीत आली आणि आल्तारापुढे उभी राहिली. फोटो तिथे नव्हता.

तिने मूर्तीच्या मागे पाहिलं, खाली पाहिलं. मग मामींना विचारलं, "माझ्या माणसाचा फोटो कुठं हाय?"

मामी गोंधळल्या. "अगं, आत ठेवलाय, कपाटावर. पडेल, फुटेल, म्हणून."

"फुटत नाही तो. आण."

"लोक येतील आता, विचारतील..."

"काय विचारतील?"

मामी मामांकडे बघू लागल्या. मामा खुर्चीवर बसून होते. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, आपल्या बाबांच्या शेजारी तो फोटो नको. त्यांना शेवटपर्यंत ते लग्न मान्य नव्हतं. तुला माहीत आहे."

मला अजून कळत नव्हतं. माझ्या बाबांचे आजोबा गावकुसाबाहेर राहायचे आणि तिथूनच ख्रिस्ती झाले, हे मला ठाऊक होतं. आमच्या घरात ते लपवलेलं नव्हतं. पण या घराशी त्याचा संबंध मी कधी जोडला नव्हता. मला वाटायचं, आपण सगळे एकाच वेदीसमोर गुडघे टेकतो.

"आपले बाबा गेले," आई म्हणाली. "त्यांच्याशी माझं भांडण नाही. तू काहून नाही बोलावलं?"

"मी बोलावलं नाही? दरवर्षी बोलावलं!"

"मले एकटीले."

नाती गोठ्यापाशी हात तसेच धरून उभ्या राहिल्या.

"नाताळाले माणसाले म्हणू, तू गोठा कर, मी माहेरी जाऊन नेवऱ्या खाऊन येते? त्याच्या लेकीले कोणापाशी ठेवू?" आईचा आवाज चढला नव्हता. "आता तो नाही, तर तू आता तरी ये म्हणतं."

मामांनी मान खाली घातली. त्यांनी नाही म्हटलं नाही. मामी कपाटावरून फोटो घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला, आईच्या नव्हे. तेवढ्यात अंगणात माणसं आली. आई आतल्या खोलीत गेली आणि रोझरी संपेपर्यंत बाहेर आली नाही. मी मात्र सगळ्यांमध्ये बसले, फोटो मांडीवर पालथा ठेवून, आणि ओठ हलवत राहिले. मला चीड आली होती, आणि लाजही वाटत होती. कशाची लाज, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

सकाळच्या मिस्साला आई जाणार नाही असं मला वाटलं होतं. ती माझ्या आधी उठून तयार झाली होती. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली, कॉम्युनियन घेतलं. बाहेर पटांगणात लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, शुभेच्छा देत होते. एक म्हातारी बाई आईला निरखत आली आणि एकदम ओरडली, "अगो, तू! शाळेत माझ्या बाजूला बसायचीस ना? होतीस कुठे एवढी वर्षं?"

"यवतमाळकडे."

"आणि नवरा?"

आईने पिशवी उघडली आणि फोटो काढला. "हे माझे मालक. दवाखान्याची गाडी चालवायचे. मागच्या वर्षी गेले."

बाईने फोटो हातात घेतला, दूर धरून पाहिला. "देखणा होता गो," ती म्हणाली आणि फोटोवर क्रूसाची खूण केली. मग दुसरी एक आली, तिलाही आईने दाखवला. मग आणखी एकीला. ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही. मामा चार पावलांवर उभे होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. थोड्या वेळाने ते एकटेच घराकडे चालू लागले.

घरी येऊन आईने बॅग भरली. आमचं परतीचं तिकीट अजून पुढचं होतं. मी म्हटलं, "आई, आज नाताळ आहे. उद्या जाऊ."

"आजच. मले इथं जेवण जाणार नाही."

मामी रडल्या, थांबा म्हणाल्या. आई त्यांच्यावर रागावली नव्हती, त्यांनी दिलेला नेवऱ्यांचा डबा तिने घेतला. रिक्षा आली तेव्हा मामा घराच्या मागून आले. हातात केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी होती. उन्हात वाळवलेली ही केळी आईला लहानपणी फार आवडायची, असं तीच सांगायची. मामांनी ती पुडी रिक्षात तिच्या पायाशी ठेवली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. तेवढ्यात रिक्षा सुटली.

ठाण्याहून यवतमाळला जाणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये दोन सीट मिळाल्या. ड्रायव्हरने समोर सांताक्लॉजची टोपी टांगली होती. गाडी घाटाला लागली. ऊन कलत होतं. मी न राहवून विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"सगळं. मी म्हणायची सुट्टी नाही, ते म्हणायचे बरं. एकदा म्हणाले, तू जाऊन ये, मी पोरीले पाहतो. मी दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी."

"मग त्यांच्यासमोर दरवर्षी तेच मागायची काहून? त्यांना काय वाटत असेल?"

तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला. मग म्हणाली, "मी बाळ येशूपाशी मागत होती, भावापाशी नाही. मले वाटे, एखाद्या वर्षी दोघांले बोलावतील. बाबाले तुझ्या वाईट वाटे, मले दिसे. पण मागणं सोडलं असतं, तर मी त्यांले सोडून दिलं असतं, माझ्या माहेराले. ते जमलं नाही."

मग तिने डोळे मिटले. मी तिच्याकडे बघत बसले. मला ते गाव हवं होतं, तिच्यापेक्षाही जास्त कदाचित. तिकडे नेऊन मी तिचं काय केलं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही घाटंजीला पोचलो. शेजारच्या काकू कुलूप निघालेलं पाहून आल्या. त्यांच्याकडे कापूस वेचणी चालू होती, हाताला बोंडांचे ओरखडे होते. "काहून वो, लवकर आले? माहेर नाही मानवलं?"

"मानवलं," आई म्हणाली. "थंडी कमी हाय तिकडे." आणि तिने चहा टाकला. सुकेळी काकूंच्या घरच्या पोरांनी संपवली. आईने एकही खाल्ली नाही.

ईस्टरला मामांचा फोन आला. आईने घेतला. गुडघ्यांचं, उन्हाचं, तिकडच्या पाण्याचं बोलणं झालं. नाताळचा विषय दोघांनीही काढला नाही. त्यानंतर ते अधूनमधून फोन करत राहिले, बोलणं हवापाण्याच्या पुढे कधी गेलं नाही. गेल्या महिन्यात मात्र फोन मामांच्या मुलाचा होता. मामांना अर्धांगवायू झाला आहे, त्यांचं बोलणं कुणाला कळत नाही, पण ताई, ताई एवढं म्हणतात. तो म्हणाला, "आत्या, तुम्ही याल का?"

"बघते," आई म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला.

तेव्हापासून ती रोज रोझरीत भावासाठी एक वेगळी प्रार्थना म्हणते. मी शेजारी बसून ऐकते. जायचं की नाही, ते तिने सांगितलेलं नाही. मी गाड्यांच्या वेळा पाहून ठेवल्या आहेत, पण या खेपेला तिला विचारायचं धाडस मला होत नाही.