कालचा पाव

आमची मावशी कारखान्याच्या कँटीनमध्ये पाव कापते असं सांगितलं की लोक हसायचे. तीस वर्षं पावच कापतेय म्हणे. त्या लोकांचा मला अजून राग येतो.

त्या कँटीनमध्ये ताटल्या नव्हत्याच. ताटलीएवढा गोल पाव मावशी मधोमध आडवा कापायची, प्रत्येक अर्ध्यात मुठीने खळगा पाडायची आणि त्यातच भाजी-रस्सा वाढला जायचा. भाजी संपली की कामगार ताटलीही खाऊन टाकायचे. ही पद्धत आली कुठून, यावर वेल्डिंगवाल्यांची आणि रंगवाल्यांची रोज जुंपायची. कोणी म्हणे, पूर्वी पाण्याचे हाल होते. कोणी म्हणे, पहिला मालक एक नंबरचा चिक्कू होता.

"कुणी का सुरू केली असेना," मावशी म्हणायची, "मला माझे खळगे पाडू द्या."

पाव मात्र कालचाच लागायचा. ताजा पाव रस्सा धरत नाही, फतकल मारतो. हे तिच्या हाताला ठाऊक होतं आणि दुसऱ्या कोणाला ठाऊक असण्याची कधी गरजच पडली नव्हती.

मग मुख्य कचेरीतून पत्र आलं. मोठे साहेब येऊन जेवणार आणि पाव ठेवायचा की स्टीलच्या ताटल्या आणायच्या ते ठरवणार. ताटल्या आल्या तर मावशीची रवानगी मोरीवर, भांडी घासायला. तिच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. आणि साबणाच्या पाण्यात हात घातले की तिच्या बोटांना भेगा पडून रक्त यायचं.

कँटीनचा मॅनेजर भला माणूस. साहेबांचा मान राखावा म्हणून त्याने त्या दिवशी भट्टीतले गरमागरम पाव मागवले.

"हे नाही चालायचे," मावशी म्हणाली. "कालचे घ्या, फडक्यात बांधून ठेवलेत."

"साहेबांना शिळं वाढू? काय बोलता, मावशी."

तिने पुन्हा सांगितलं नाही. "वाद घालायचं त्राण नव्हतं गं," ती मला नंतर म्हणाली. मुकाट्याने तिने ते ताजे पाव कापले आणि जमतील तसे खळगे पाडले.

साहेबांनी पाव उचलला, त्याचा तळ सुटला आणि सगळा रस्सा त्यांच्या मांडीवर गेला. कोणी हसलं नाही. पुसायला फडकं मावशीनेच आणून दिलं. पुढच्या आठवड्यात ताटल्या आल्या.

परवा संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. दिवसभर ताटल्या घासून ती नुकतीच आली होती. तीन बोटांना पट्ट्या होत्या. बसल्या जागेवरूनच तिने डब्यातला कालचा पाव काढला, आडवा कापला, खळगे पाडले, त्यांत भाजी वाढली आणि एक अर्धा माझ्यापुढे सरकवला.

"अगं मावशी, घरात ताटल्या आहेत की."

"आहेत. घासायच्या कोणी?"

मी उठून घासल्या असत्या, पण तिचा चेहरा बघून जेवायला लागले. तिने खाली उरलेला भिजका पाव सावकाश संपवला आणि भिंतीला डोकं टेकलं.

"वेल्डिंगवाल्यांना सांगायला हवं," ती डोळे मिटून म्हणाली. "ही पद्धत कुणी सुरू केली ते कळलं मला. मोरीवरचीच होती कुणीतरी."