वहिनींच्या गाडीचा धूर

वहिनींना बसमध्ये पडद्याचे रॉड घेऊन चढायला बंदी झाली, ती एका गृहस्थाच्या केसांमुळे. वहिनी आपल्या थांब्यावर उतरल्या आणि रॉडच्या टोकाला अडकून त्या गृहस्थाचे केसही त्यांच्याबरोबर उतरले. तो टोप आहे हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारी बसलेल्या त्याच्या होणाऱ्या बायकोलाही नाही. वहिनींनी बसमागे धावत जाऊन खिडकीतून टोप परत केला, माफी मागितली, पण वाहक काही ऐकेना. "बाई, उद्यापासून तुम्ही एकट्या या. हे भाले घरी ठेवा."

आता पडदेवाल्या बाईने रॉडशिवाय जाऊन करायचं काय? वहिनींचे यजमान बोटीवर नोकरीला. वर्षाकाठी एकदा घरी यायचे आणि त्यातला निम्मा वेळ झोपून काढायचे. एरवी घरात वहिनी आणि त्यांच्या थोरल्या नणंदबाई, दोघीच. नणंदबाई पुढच्या खोलीत मशीनवर पडदे शिवायच्या. वहिनी घरोघर जाऊन मापं घ्यायच्या, भिंतीला भोकं पाडायच्या आणि पडदे टांगायच्या. नणंदबाईंची शिलाई जितकी सरळ, तितकीच जीभ तिरकी.

"वन्सं, मी मोटरसायकल घेते," वहिनी म्हणाल्या.

"घे की. पडलीस तर गुंडाळून आणायला कापड आहेच घरात."

माहेरी असताना वहिनी वडिलांची गाडी बिनधास्त फिरवायच्या, त्यामुळे हात बसलेला होता. नवी गाडी परवडणारी नव्हती. चौकशी करता करता कळलं, की कोपऱ्यावरचे टायपिंगचे मास्तर आपली गाडी विकायला काढताहेत. मास्तरांनी उभी हयात पोरापोरींना टंकलेखन शिकवण्यात घालवली होती. कॉम्प्युटर आले, क्लास बंद पडला. आता गुडघेही किक मारायला तयार नव्हते.

वहिनी गाडी बघायला गेल्या, तर मास्तर वहिनींनाच बघत बसले.

"उन्हात उभी कराल?"

"नाही, जिन्याखाली जागा आहे."

"कुणी मागितली तर द्याल?"

"माझा ड्रिलसुद्धा मी कुणाला देत नाही."

"तुमचा स्वभाव रागीट आहे का?"

"मास्तर, मी गाडी घ्यायला आलेय, नांदायला नाही."

मास्तर हसले नाहीत, पण उत्तर त्यांना आवडलं असावं. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी वहिनींच्या हातावर ठेवला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत फाटकाशी उभे राहिले. गाडी वळणाआड गेली, तरी तिचा निळसर धूर बराच वेळ तिथेच रेंगाळत होता.

रॉड बाजूला बांधून वहिनी निघाल्या की रस्ता आपोआप मोकळा व्हायचा. पुढे रॉडची टोकं दिसायची म्हणून, आणि मागे काहीच दिसायचं नाही म्हणून. शेजारणीने वाळत घातलेले कपडे घाईघाईने आत घ्यायला सुरुवात केली. "आली गं तुमची आगगाडी," ती नणंदबाईंना वरून ओरडून सांगायची.

हेही चाललं असतं. पण त्याच सुमारास शहराने नवा नियम काढला: जुन्या गाडीला धूर तपासल्याचा दाखला नसेल, तर शहराच्या मधल्या भागात पाऊल टाकायचं नाही. आणि नेमकं त्याच भागातल्या एका हॉटेलच्या सगळ्या मजल्यांच्या पडद्यांचं काम वहिनींनी पटकावलं होतं. नणंदबाईंच्या मशीनला उसंत नव्हती, घरात कापडाच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत न्हाणीघर गाठावं लागत होतं.

धूर तपासणी केंद्र म्हणजे एक टपरीवजा खोली. आत एक यंत्र, त्याचा आकडे दाखवणारा पडदा आणि नियमांवर जिवापाड प्रेम करणारा एक तपासनीस. त्याने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, वहिनींना गाडी चालू करायला सांगितलं आणि दोन पावलं मागे सरकला. पडद्यावरचे आकडे लाल झाले.

"बाई, ही गाडी आहे की वीटभट्टी?"

"दाखला मिळेल ना?"

"दाखला सोडा, मला खोकल्याचं औषध मिळालं तर बरं."

वहिनी तडक मिस्त्रीकडे गेल्या. मिस्त्री कामाला पक्का आणि मानाला त्याहून पक्का. त्याने प्लग काढला, तो तेलाने काळाकुट्ट. कार्बोरेटर धुतला, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं. गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली, धूर औषधालाही नाही. "आता जा आणि त्या तपासनिसाच्या नाकासमोर चालू करा," तो म्हणाला.

संध्याकाळ झाली होती, म्हणून वहिनींनी गाडी घरी आणून जिन्याखाली लावली. सकाळी केंद्रावर गेल्या. नळी आत, आकडे लाल.

"मिस्त्री बदला," तपासनीस म्हणाला.

"त्याचं यंत्र बिघडलंय," मिस्त्री म्हणाला.

पुन्हा दुरुस्ती, पुन्हा घरी, पुन्हा सकाळी केंद्रावर, पुन्हा लाल. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं, पण भांडण असं पेटलं की विचारू नका. ते सगळं वहिनींच्या तोंडून चाले. 'त्याला सांगा, यंत्र पुसून बघ म्हणावं.' 'त्याला सांगा, आधी हात पुसून घे म्हणावं.' वहिनी सगळे निरोप इमानेइतबारे पोचवायच्या; फक्त त्यातले शेलके शब्द वाटेत गाळून टाकायच्या.

या सगळ्या गोंधळात मास्तर मात्र रोज सकाळी न चुकता यायचे. हातात फडकं, काखेत थर्मास. जिन्याखाली बसून गाडी पुसायचे, दिव्यावरून हात फिरवायचे, मग वर येऊन चहा घ्यायचे. नणंदबाईंना तो थर्मास खटकायचा.

"मास्तर, चहा इथे मिळतो ना? मग घरून कशाला वाहून आणता? आमचा पांचट लागतो का?"

"छे हो. यातलं माझ्यासाठी नसतं," मास्तर म्हणायचे आणि बशीत बघायचे.

"मग कुणासाठी?" असं विचारायला हवं होतं. पण मशीनमध्ये दोरा अडकला आणि ते राहून गेलं.

हॉटेलच्या व्यवस्थापकाचे फोनवर फोन यायला लागले. शेवटी मिस्त्री हट्टाला पेटला. "गाडी तुमच्या दारातून केंद्रावर जाईपर्यंत मी नजर हलवणार नाही," असं म्हणून तो सकाळीच वहिनींच्या घरी हजर झाला. मास्तर जिन्याखाली गाडी पुसत होते. मिस्त्री लांबून चालत आला होता, घसा कोरडा पडला होता. पायरीवर थर्मास दिसला. त्याने "मास्तर, एक घोट घेतो हं," म्हटलं आणि मास्तर "अहो, थांबा, थांबा!" म्हणेपर्यंत तोंडाला लावलासुद्धा.

पुढे जे झालं ते गल्लीने पाहिलं. मिस्त्रीने ते सगळं फवारून बाहेर टाकलं, डोळे मिटले, जीभ टाळूवर फिरवली आणि म्हणाला, "टू-स्ट्रोकचं ऑइल! पेट्रोलमध्ये मिसळतात ते! मास्तर, तुम्ही हे पिता?"

"मी कशाला पिऊ? तिला देतो," मास्तर गाडीकडे बघत म्हणाले.

मग सगळं बाहेर पडलं. मास्तरांची तरुणपणातली पहिली गाडी तेल मिसळलेल्या पेट्रोलवर चालायची. ही गाडी घेतली तेव्हा दुकानदाराने बजावलं होतं की हिला तसलं काही लागत नाही. पण मास्तरांना ते पटलं नाही. नुसत्या पेट्रोलवर गाडी कशी राहील? म्हणून ते रोज थोडं थोडं तेल टाकीत घालत आले. अंगी लागेल म्हणून. गाडी विकली, तरी टाकीची तिसरी किल्ली त्यांच्याच खिशात राहिली होती.

"मास्तर!" वहिनींचा आवाज चढला. "मी सकाळ-संध्याकाळ हेलपाटे घालतेय, हॉटेलवाला मला खायला उठलाय, आणि तुम्ही हे करताय? अहो, तुम्ही तिला आजारी पाडत होता!"

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. त्यांनी तिसरी किल्ली काढून पायरीवर ठेवली, फडक्याची घडी घातली आणि निघून गेले.

मिस्त्रीने टाकी धुतली, प्लग बदलला आणि वहिनींच्या मागे बसून केंद्रावर गेला. आकडे हिरवे झाले. तपासनिसाने यंत्र पुसून पुन्हा तपासलं, तरी हिरवेच. मग मिस्त्री आणि तपासनीस पहिल्यांदाच समोरासमोर उभे राहिले. आता काय होतंय, म्हणून वहिनींनी हेल्मेट काढलंच नाही. पण भांडायला कारणच उरलं नव्हतं. दोघंही जरा हिरमुसले, आणि मग पिस्टनच्या रिंगांवरून गप्पा मारायला बसले ते वहिनी निघाल्या तरी उठले नाहीत.

वहिनी खुशीत घरी आल्या. नणंदबाई मशीन न थांबवता म्हणाल्या, "दाखला मिळाला ना? छान. आज चहाला कुणी आलं नाही. उद्याही येणार नाही."

"मी काही खोटं बोलले का, वन्सं?"

"खरंच बोललीस. जरा जास्तच मोठ्याने बोललीस."

दुसऱ्या दिवशी वहिनी मास्तरांच्या घराखाली गेल्या आणि गाडी चालूच ठेवून उभ्या राहिल्या. वरची खिडकी उघडली. मास्तरांनी बराच वेळ कान लावून ऐकलं.

"आवाज बरा आहे," ते म्हणाले. "धूर नाही, त्यामुळे ओळखीची वाटत नाही. पण आवाज बरा आहे."

"मास्तर, हॉटेलच्या वरच्या मजल्यांची मापं अजून राहिलीत आणि तिथल्या खिडक्या भिंतीएवढ्या रुंद आहेत. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नाही माझ्याकडे."

"माझ्या गुडघ्यांना शिडी जमायची नाही."

"शिडीवर मी चढते. तुम्ही खाली उभे राहून टोक धरा आणि आकडे लिहा."

मास्तर खाली आले, ते बूट घालूनच. मागे बसताना त्यांनी सीटवर हलकेच थाप मारली. वाटेत वहिनींना दर वळणाला सूचना मिळत होत्या. हॉटेलात मास्तरांनी टेपचं टोक असं धरलं, की व्यवस्थापक जाता-येता त्यांनाच नमस्कार करायला लागला आणि पडद्यांचे प्रश्न त्यांनाच विचारायला लागला. मास्तर प्रत्येक प्रश्नाला "बाईंना विचारा" म्हणायचे, पण इतक्या रुबाबात, की सगळा कारभार त्यांचाच वाटावा.

हॉटेलचं काम संपलं, दुसरी कामं आली आणि मास्तर येतच राहिले. नणंदबाईंनी त्यांना पेन्सिल, टेप आणि खिळे ठेवायला उरलेल्या पडद्याच्या कापडाचा खिशाखिशांचा एप्रन शिवून दिला. त्यावर थाळीएवढी लालभडक गुलाबं होती. मास्तरांनी तो अंगावर चढवला, आरशात पाहिलं आणि घसा खाकरला.

"साधं कापड शिल्लक नव्हतं का?"

"होतं," नणंदबाई म्हणाल्या आणि मशीन चालू केलं.