अखलाक मास्तरांची घंटा

अखलाक मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सगळी शाळा घेऊन एका म्हातारीला सलामी देत होते.

मी तुळजापूरकडचा. नोकरी नवी, मिसरूड नवं. मुरुमहून बैलगाडीनं हाडं खिळखिळी करून घेत त्या गावात दुय्यम मास्तर म्हणून हजर व्हायला आलो, तर महादेवाच्या देवळापुढं पोरं दोन रांगांत ताठ उभी होती. हात कपाळाला लावून निजाम सरकारच्या दीर्घायुष्याची प्रार्थना चालली होती. समोर इरकली लुगड्यातली, कपाळभर भस्म लावलेली एक म्हातारी तांब्या हातात धरून शांतपणे ती प्रार्थना स्वीकारत होती. प्रार्थना संपली. म्हातारीनं प्रत्येक पोराच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि ती घरी निघून गेली.

"ह्या कोण?" मी विचारलं.

"गौराक्का," मास्तर म्हणाले.

"सरकारी आहेत?"

"छे, छे. पलीकडच्या गल्लीत ऱ्हात्यात."

"मग सलामी कशाची?"

"पाच टोले पडले न्हवं का," मास्तर म्हणाले. एवढ्यावर माझं समाधान झालं असेल अशी त्यांची प्रामाणिक समजूत दिसली, कारण ते लगेच पोरांना घेऊन आत गेले.

त्यांचं खरं नाव शिवलिंगप्पा. निजामाच्या शाळेत मुसलमान मुलांना दीनियात म्हणजे त्यांच्या धर्माचं शिक्षण असे, आणि बाकीच्यांना त्या तासाला अखलाक, म्हणजे नीती शिकवावी लागे. गावोगावचे मास्तर हा तास पाढ्यांवर उरकत. आमच्या मास्तरांनी तो इतका मनावर घेतला की गावानं त्यांचं नावच बदलून टाकलं. त्यांच्या बायकोला बायका 'अखलाकीणबाई' म्हणत आणि तीही ओ देत असे. मास्तर अंगानं किडकिडीत, अंगात सरकारी रिवाजाची काळी शेरवानी, आणि शेरवानीच्या आत गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी. त्यामुळं छातीवर कायम एक टेंगूळ दिसायचं. काही ठाम बोलायचं असलं की त्यांचा हात त्या टेंगळावर जायचा. मग समोरच्यानं वाद घालायचा नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

घंटेचं प्रकरण असं होतं. शाळेला इमारत नव्हती, म्हणून ती देवळाच्या ओवरीत भरे. शाळेला घंटाही नव्हती, म्हणून गावानं ठरवलं की देवाची आहे तीच दोघांनी वापरावी. पण देवळात येणारा प्रत्येक माणूस घंटा वाजवतो, आणि घंटा वाजली की पोरं पाट्या उचलून घराकडं पळतात. पहिल्या श्रावणी सोमवारी शाळा दिवसभर सुटत आणि भरत राहिली म्हणे. तेव्हा मास्तरांनी पाटलांना आणि महादेवाला साक्षी ठेवून नियम केला. एक टोला म्हणजे भक्त आला, कुणी जागचं हलायचं नाही. दोन म्हणजे छोटी सुट्टी. तीन म्हणजे शाळा सुटली. चार म्हणजे साप निघाला, सगळ्यांनी उंच जागी चढायचं. आणि पाच म्हणजे वरचा अंमलदार आला, रांग करून सलामी द्यायची आणि सरकारची प्रार्थना म्हणायची. गावात दवंडी दिली की भक्तांनी एकच टोला द्यावा. गाव कबूल झालं. पोरांना मास्तरांनी पढवलं, "टोला पडला की आधी उठायचं, कोन आलंय ते मागनं बघायचं."

अडचण एवढीच झाली की हा नियम झाला तेव्हा गौराक्का लेकीच्या बाळंतपणाला गुलबर्ग्याला गेलेली होती. ती परत आली, दुसऱ्या दिवशी देवाला गेली आणि लग्न होऊन आल्यापासून वाजवत होती तसे पाच टोले वाजवले. पोरं धावत बाहेर आली, रांगेत उभी राहिली आणि सरकारची प्रार्थना म्हणू लागली. तिला वाटलं, आपल्या वयाकडं बघून सरकारनं ही सोय केली असावी. दुसऱ्या दिवसापासून ती ठेवणीतलं लुगडं नेसून खोबरं घेऊन येऊ लागली.

मास्तर तिला समजावायला गेले, तेव्हाचं बोलणं त्यांनीच मला सांगितलं.

"गौराक्का, एका टोल्यावर भागंल का?"

"न, मः, शि, वा, य," तिनं बोटं मोजून दाखवली. "ह्यातलं कंचं अक्षर सोडू? तुमीच सांगा, मास्तर."

"मग सहा वाजवा."

"अय्यो! सहावं अक्षर कुठनं आनू?"

मास्तर उठून परत आले. "तिचं बरोबर हाय," ते मला म्हणाले. "देवाचं नाव कमी करा म्हणणं अखलाकात बसत न्हाय."

"मग तुमचा नियम बदला की."

"देवापुढं केलेला नियम? पोरं काय म्हनतील?" हात टेंगळावर गेला. "पोरांनी रोज एकदा उठावं. पाय मोकळे व्हत्यात."

माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाला हा शुद्ध येडेपणा वाटायचा आणि मी तसं बोलूनही दाखवायचो. त्यातच एकदा नवं जोडपं पाया पडायला आलं. नवऱ्यानं उत्साहात दोन टोले दिले, नवरीनं लाजत दोन दिले. क्षणात सगळी शाळा कोनाड्यांत, ओवरीच्या कठड्यावर आणि बाहेरच्या लिंबावर. स्वतः मास्तर नंदीवर. आम्हाला बघून जोडपं जे पळालं ते वेशीपर्यंत थांबलं नाही. "शिस्त बघितलाव?" मास्तर नंदीवरूनच मला म्हणाले.

एक गोष्ट मात्र मला छळायची. रोज सकाळी मास्तर देवळात शिरताना घंटेखाली थांबत. हात दोरीपर्यंत जायचा आणि खाली यायचा. एकदा मी विचारलंच, "गाव वाजवतं, तुम्ही का नाही?"

"म्या इथं भक्त म्हणून आलो का नोकरीवर आलो? नोकरीवर. मग एक टोला दिला तर त्यो खोटा पडंल."

"मग शुक्रवारी या, निजामी सुट्टीला."

"शुक्रवारी मला देवळात बघून पोरांना वाटंल, शाळा हाय. बिचारी पाट्या घिऊन येतील." ते हसले. "पेन्शनीत गेल्यावर वाजवीन की. देव कुठं पळून चाललाय?"

पुढं शाळेवरच बेतलं. पटावर पोरं थोडी आणि वर्ग देवळात, तेव्हा ही शाळा ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावात हलवावी असं वर घाटत होतं. पावसाळ्यात त्या ओढ्याला गळाभर पाणी. पोरी तर गेल्याच नसत्या. मास्तरांनी घरोघर फिरून, आयांच्या हातापाया पडून जमवलेल्या पोरी होत्या त्या. शाळा ठेवायची की हलवायची हे बघायला मोतमीम साहेब, म्हणजे शाळाखात्याचे जिल्ह्याचे अंमलदार, स्वतः येणार होते. मास्तर आठवडाभर तयारीला लागले. ओवरी सारवून झाली, लिंबाला चुना लावून झाला, पोरांची नखं काढून झाली.

साहेब सांगितल्या वेळेच्या बऱ्याच आधी आले. देवळाबाहेर घोड्यावरून उतरले. स्वतः मुसलमान, देवळातल्या घंटेला हात लावणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी पाटलांच्या गड्याला वर्दी द्यायला सांगितलं. त्यानं दबकत एक टोला दिला.

एक. भक्त आला. पोरांनी मानसुद्धा वळवली नाही. मास्तरांची पाठ दाराकडं होती, ते सत्य या विषयावर तावातावानं बोलत होते. माझ्या वर्गाची पोरं आतल्या अंगाला, मीही त्यांना गणितं घालत होतो. साहेब उन्हात उभे. तेवढ्यात गौराक्का आली, त्यांच्या शेजारून पुढं झाली आणि तिनं आपले पाच टोले दिले.

पोरं वाऱ्यासारखी बाहेर. रांगा झाल्या. हात कपाळाला गेले आणि खणखणीत आवाजात सरकारची प्रार्थना सुरू झाली, गौराक्काकडं तोंड करून. मोतमीम साहेब बाजूला, गड्याच्या पलीकडं. मास्तरांची नजर त्यांच्यावर गेली आणि चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण प्रार्थना मधे तोडणं नियमात नव्हतं. ती शेवटपर्यंत झाली.

"ये बडी बी कौन हैं?" साहेबांनी विचारलं. आवाज थंड होता. ते दिवस वाईट होते. सरकारची सलामी भलत्यालाच दिली म्हणून माणूस थेट आत जाऊ शकत होता.

पाटील धावत आले होते. ते पटकन म्हणाले, "हुजूर, तुमच्या स्वागताला गावची वडीलधारी बाई आणलीया. तुमच्याच नावानं सलामी झाली." आम्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. मास्तरांनी फक्त मान हलवायची होती.

मास्तरांनी पाटलांकडं पाहिलं, मग रांगेकडं. सगळी पोरं त्यांच्याच तोंडाकडं बघत होती. हात सावकाश टेंगळावर गेला. मी डोळे मिटले.

"न्हाय हुजूर," मास्तर म्हणाले. "ही सलामी गौराक्कांची. रोजच होती. त्यांनी महादेवाला पाच टोले दिले, आन् आमच्याकडं पाच म्हंजी अंमलदार."

"और मैं आया तब?"

"तवा एकच पडला, हुजूर. एक म्हंजी भक्त. त्याला कुनी उठत न्हाय."

साहेबांनी वर घंटेकडं पाहिलं. मग ते गौराक्काकडं वळले. "अम्मा, आप रोज सलामी लेती हैं?"

"व्हय," ती म्हणाली. "तुमी आजच दिसलाव. लांबनं आलाव जनू. कुंद्री, कुंद्री," असं 'बसा'चं कानडी बोलत तिनं त्यांना ओवरीच्या कट्ट्याकडं ढकललंच आणि हातावर खोबरं ठेवलं. साहेब बसले. खोबरं खाल्लं. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं ठसका लागला, पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"अम्मा, मेरी तरफसे पाँच बजा दीजिए," ते म्हणाले.

गौराक्का विचारात पडली. मग म्हणाली, "वाजविते. पन नाव महादेवाचंच घीन."

"बेशक," साहेब म्हणाले.

पाच टोले पडले. पोरं पुन्हा रांगेत, पुन्हा प्रार्थना, या वेळी साहेबांकडं तोंड करून. जाताना घोड्यावर बसून ते मास्तरांना एवढंच म्हणाले, "स्कूल यहीं रहेगा." मास्तर भर उन्हात लहान मुलासारखे रडले. मलाही आवरलं नाही. पुढं खात्यानं आठवणीनं शाळेसाठी वेगळी घंटा पाठवली. तिच्यात लोलकच नव्हता. मास्तरांनी तिला हळदकुंकू लावून कोनाड्यात ठेवली.

मग निजामी गेली. सरकारची प्रार्थना एका दिवसात बंद झाली, नवी कोणती म्हणायची हे वरून कळेना. गौराक्काचे पाच टोले पडले की पोरं बाहेर येऊन नुसतीच उभी राहत. "पोरं मुकी झाली का काय?" तिनं मास्तरांना विचारलं. मास्तरांनी रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला पाचाचा पाढा म्हणून दाखवू लागली. तो तिला प्रार्थनेपेक्षा जास्त आवडला.

त्याच हिवाळ्यात मास्तर तापानं अंथरुणाला खिळले. पेन्शनीला अजून अवकाश होता. शेवटी शेवटी मला जवळ बोलावून म्हणाले, "म्या गेलो तर शाळेला सुट्टी देऊ नगा. मास्तर मेल्याची सुट्टी नियमात न्हाय."

म्हणून त्या दिवशी मी शाळा भरवली. पोरं गप्प बसली होती, मी फळ्यावर काहीतरी लिहीत होतो. बाहेर मास्तरांना लिंगायतांच्या रीतीप्रमाणं सजवलेल्या विमानात, म्हणजे अंत्ययात्रेच्या पालखीत, बसवून मिरवत आणलं होतं. अंगात तीच शेरवानी. देवळासमोर गौराक्कानं हात करून खांदेकऱ्यांना थांबवलं आणि ती एकटी आत आली. आज तिच्या हातात खोबरं नव्हतं. तिनं दोरी धरली. पोरं सवयीनं सावरून बसली, आता पाच पडणार.

तिनं एक टोला दिला. मग घंटेवर तळवा ठेवून तिनं ती थांबवली.

एक टोला म्हणजे भक्त आला, कुणी जागचं हलायचं नाही, हा नियम. पोरांना तो पाठ होता, मलाही होता. पण पोरं उठली. एकामागून एक सगळी उठून दाराकडं तोंड करून उभी राहिली. त्यांना खाली बसा म्हणावं म्हणून मी वळलो, तर मीही खडू हातात धरून ताठ उभा होतो.